निरोगी तोंडाचा फोटो

४ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी ही वही हातात दिली. "तोंडात जे जे जाईल ते रोज लिहायचं," म्हणाल्या. "खोटं लिहिलंत तर नुकसान तुमचंच." मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

सकाळी चहा, दोन बिस्किटं. (चार.) दुपारी डबा. संध्याकाळी स्टुडिओत कुणाचा तरी वाढदिवस, केक. रात्री जेवण, पोटभर. झालं लिहून. उरलेलं पान कोरं सोडायला जीव होत नाही, म्हणून बाकीचंही लिहितो. बाईंना दाखवताना दुमडून ठेवीन.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. दोन जिने चढलो की छातीत धडधडतं आणि वाटतं, आटोपलं. रक्त तपासून घ्यायला सांगितलंय, गेलो नाही. गेलो की कळणार, आणि कळलं की ते खरं होणार. ही म्हणते, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस." दादा तर मला लहानपणापासून 'ससा' म्हणतो. या आकाराचा ससा कुणी पाहिलाय का, हा भाग वेगळा.

७ फेब्रुवारी

स्टुडिओत मोठं काम आलं. आरोग्य खात्याच्या मॅडम स्वतः आल्या होत्या. शहरभर दोन प्रकारचे बोर्ड लागणार आहेत, एक सिगारेट-तंबाखूचा, दुसरा लठ्ठपणाचा. पहिल्या बोर्डावर डावीकडे सडलेलं तोंड आणि उजवीकडे सिगारेट सोडलेल्या माणसाचं स्वच्छ तोंड. सडलेल्याचा फोटो खातं देणार. स्वच्छ तोंड आम्ही शोधायचं.

"लोक घाबरले पाहिजेत," मॅडम म्हणाल्या. "गोड बोलून कुणी ऐकत नाही. रस्त्यातून जाताना पोटात गोळा आला पाहिजे."

मी म्हणालो नाही, पण मनात आलं, घाबरलेला माणूस काय करतो ते मला विचारा. घाबरलेला माणूस दुसरीकडे बघतो.

लठ्ठपणाच्या बोर्डासाठी मॉडेल हवं असं निघालं, तेव्हा मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घरचंच आहे," म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. मग संडासात जाऊन जरा वेळ उभा राहिलो.

आज लिहिण्यासारखं काही खाल्लं नाही. (खोटं.)

११ फेब्रुवारी

स्वच्छ तोंड घरातच सापडलं! दादा. चार वर्षांपूर्वी एका रविवारी त्यानं सिगारेटचं पाकीट नळाखाली धरलं आणि विषय संपवला. तोवर तीस वर्षं ओढत होता. वहिनी त्या वर्षी गेली. तिच्या हयातीत सोडली नाही याचं त्याला वाईट वाटतं, पण बोलत नाही. वरच्या मजल्यावर एकटा राहतो, रात्री जेवायला आमच्याकडे.

दादा गाडी शिकवतो. अर्धं शहर त्याच्या शिव्या खाऊन शिकलंय. "क्लच! क्लच! तुझ्या पायात क्लच आहे की पोळपाट?" हा आवाज चौकापलीकडे जातो.

मी भीतभीतच विचारलं. तो लगेच तयार झाला. मला जरा नवल वाटलं, कारण त्याला फोटोचा कंटाळा. म्हणाला, "काढ. नीट काढ. आतलं सगळं दिसलं पाहिजे."

स्टुडिओत डाव्या बाजूचाच दिवा चालू आहे, उजव्या दिव्याचा स्टँड मोडलाय. तेवढ्यावर भागवलं. "आ कर. जीभ वर. अजून वर." जीभ उचलताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुखते रे," म्हणाला. मी म्हटलं, "दिवसभर एवढी चालवल्यावर दुखणारच." दोघंही हसलो. तो आधी थांबला.

१२ फेब्रुवारी

दिवसभर दादाचं तोंड साफ केलं. माझं कामच ते. लग्नाच्या फोटोतले पुरळ, आजोबांच्या फोटोवरची बुरशी, सगळं मी पुसतो. दातांचा पिवळेपणा काढला. ओठांच्या भेगा बुजवल्या. जिभेच्या उजव्या कडेला, खालच्या अंगाला, दिव्याची पांढरी चमक आली होती, नखाएवढी. ओल्या जागेवर उजेड चमकतोच. तिची कड जरा चमत्कारिक वेडीवाकडी होती, वेळ गेला. डावीकडचा गुलाबी रंग उचलून त्यावर बसवला. आता मलाही सापडणार नाही.

मालक म्हणाले, "तुझ्या हातात जादू आहे." त्या आनंदात दोन वडे.

२१ फेब्रुवारी

खात्याच्या तज्ज्ञांनी फोटो मंजूर केला. खालचं वाक्य मी सुचवलं होतं तेच ठेवलं : 'आज सोडा, उद्या निर्धास्त.' मॅडम म्हणाल्या, छोटं आहे, लक्षात राहील.

आणखी एक. मॅडमना दादा इतका आवडला की लठ्ठपणाच्या बोर्डावरही तोच! जुन्या फोटोत तो चांगला गरगरीत आहे. आता विजार दोरीनं बांधतो. 'आधी' आणि 'नंतर'. मॅडम म्हणाल्या, "सिगारेट सोडली, वजनही उतरवलं, असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही."

मला हेवा वाटला. उघडच लिहितो. सख्ख्या भावाचा हेवा. मी पाव किलो उतरलो तर हिला सांगत सुटतो, आणि हा काही न करता निम्मा झाला. "काय करतोस तरी काय?" विचारलं. म्हणाला, "काही नाही रे. खावंसं वाटत नाही." बघा म्हणजे!

२ मार्च

दादाचा निग्रह जबरदस्त आहे. तळलेलं बंद, तिखट बंद. चहासुद्धा निवल्यावर पितो. दुधात पाव बुडवून मऊ करून खातो, तेही एका बाजूनं. ही मला म्हणाली, "शिका काहीतरी भाऊजींकडून."

बँकेतल्या एक बाई त्याच्याकडे गाडी शिकतात, त्या भाजीच्या दुकानात भेटल्या. म्हणाल्या, "तुमचे बंधू फार मवाळ झालेत हो. आता ओरडतच नाहीत. नुसतं हातानं दाखवतात." वयानं माणूस निवतो, मी म्हटलं.

उजव्या कानात कापूस घालून हिंडतोय. गाडीच्या खिडकीचा वारा बाधतो म्हणे. मी म्हटलं, काच वर कर की.

सकाळी ओट्स. दुपारी काकडी. संध्याकाळचं लिहीत नाही.

९ मार्च

बोर्ड लागले. स्टेशनाबाहेर, शाळेपाशी, मोठ्या दवाखान्यासमोर. दादाला दाखवायला घेऊन गेलो. मला वाटलं हसेल, टिंगल करेल. दोन मजली घराएवढं स्वतःचं तोंड बघून कोण हसणार नाही?

तो नुसता बघत राहिला. मान मागे टाकून, बराच वेळ. मग म्हणाला, "किती स्वच्छ दिसते रे जीभ."

"मग? उगाच का तुला घेतला?"

"तू काही केलंस का तिला?"

"थोडी साफसफाई. दात, ओठ. आणि तिथं कडेला चमक आली होती, ती पुसली."

"कुठं?"

मी बोट दाखवलं. तो बोटाकडे बघत राहिला, बोर्डाकडे नाही. मग तोंड मिटून घेतलं आणि म्हणाला, "चल, ऊन लागतंय."

रात्री जेवायला आला नाही. थकला असेल.

१६ मार्च

काय लिहू?

खात्यानं पुढचं काम दिलंय, दवाखान्यांत वाटायची माहितीपत्रकं. त्यासाठी तोंडाच्या डॉक्टरांनी फोटो पाठवले. सडलेले नव्हेत, आजाराच्या सुरुवातीचे. 'दुखत नसेल तरी दुर्लक्ष करू नका' या मथळ्याखाली टाकायचे. पहिलाच उघडला. जीभ. कडेला पांढरा चट्टा, वेडीवाकडी कड.

माणसाचं नाव मी विसरेन, पण पुसलेल्या डागाची कड विसरत नाही. मी ती कड ठिपका ठिपका करून काढली होती. त्यात अर्धा दिवस गेला होता.

उठलो आणि टेबलाला धरून उभाच राहिलो. मालक म्हणाले, "साखर कमी झाली असेल, काहीतरी खा."

१७ मार्च

मूळ फोटो उघडला. पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. दिवा दादाच्या डाव्या हाताला होता. चमक आली असती तर डावीकडे आली असती. उजवी कड जिभेच्या सावलीत आहे. सावलीत चमक येत नाही. हे मला कळायला हवं होतं, पोटापाण्याचा धंदा आहे माझा.

चट्टा आहे. मधोमध लालसर. मी माझ्या भावाचा आजार पुसून शहरभर टांगला.

१८ मार्च

वर गेलो. दार वाजवलं. त्यानं उघडलं. मी विचारलं, "पाना आहे का? नळ गळतोय." पाना घेऊन खाली आलो.

२० मार्च

नाही सांगितलं.

समजा ती खरंच चमक असली तर? उगाच माणसाला घोर. समजा नसली, तर सांगून काय, आता जे व्हायचं ते होणारच. एकदा हे, एकदा ते. दोन्हीकडून पळवाट काढतो आणि दोन्हीकडे तोच चट्टा उभा.

२२ मार्च

जेवण जात नाही. ताट तसंच ठेवलं. ही खूश होऊन म्हणाली, "वा, लागू पडलं की पथ्य!" मी ताट उचलून आत गेलो. वजन दीड किलो कमी. आहारवाल्या बाईंनी पाठ थोपटली.

स्टेशनाकडून जाणं सोडलंय. लांबच्या रस्त्यानं जातो. तिकडे शाळेपाशी आहेच तो, आ वासून.

२४ मार्च

आज हिला सांगितलं. सांगितलं म्हणजे, ही पोळ्या लाटत होती आणि मी मध्येच हुंदका दिला. आधी तिला वाटलं, नोकरी गेली. मग ऐकून घेतलं सगळं. लाटणं खाली ठेवलं.

"किती दिवस झाले कळून?"

"आठवडा झाला."

"आठवडा!" ती एवढ्या जोरात कधी बोलत नाही. "भाऊजी रोज दुधात पाव बुडवून खातायत माझ्यासमोर, आणि मी मेली तुम्हाला सांगत होते, शिका काहीतरी! उठा. आत्ता. चपला नकोत, तसेच जा."

वर गेलो. दादा खिडकीपाशी बसला होता, कानात कापूस.

"दादा, जीभ दाखव."

"परत फोटो?"

"नाही."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काही लपत नाही, बहुतेक तिथंच सगळं कळलं त्याला. म्हणाला, "बस. धाप लागलीय तुला."

मग बोलला. हळू, एकेक शब्द सांभाळून. "वर्षभर तरी आहे ते. आधी खुपायचं नाही. मी आरशात बघायचो आणि आरसा भिंतीकडे फिरवून ठेवायचो. तू फोटोचं विचारलंस ना, तेव्हा मनात म्हटलं, हा जन्मभर डाग शोधत आलाय. याच्या नजरेतून सुटणार नाही. काही वाईट असेल तर हा बोलेल. मला कुणाला विचारायला नको. म्हणून आलो."

मी त्याच्या पायाशी जमिनीवर बसलो.

"तू काही बोलला नाहीस. मी म्हटलं, चला, काही नाही. किती बरं वाटलं मला, काय सांगू. जेवलो होतो त्या रात्री. मग बोर्डाखाली तू म्हणालास, चमक होती, पुसली. तरी पण मी स्वतःला सांगितलं, असेल चमक. तूच लिहिलंयस ना खाली, उद्या निर्धास्त. तुला मी ससा म्हणतो. मग मी कोण रे?"

मी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. या वयात, या आकारात. तो माझ्या पाठीवर थापट्या मारत राहिला. धीर मी द्यायचा होता.

२७ मार्च

तोंडाचे डॉक्टर. बरोबर मूळ फोटो नेला होता. त्यांनी फोटो पाहिला, मग दादाची जीभ, मग मानेला हात लावून चाचपलं, आणि विचारलं, "उजवा कानही दुखतो का?" मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर आमचाच बोर्ड, छोटा करून लावलेला.

दादानं विचारलं, "सोडली होती मी. चार वर्षं झाली."

"फार चांगलं केलंत," डॉक्टर म्हणाले. "न सोडता आला असतात तर गोष्ट आणखी अवघड झाली असती. धोका कमी होतो, पण पाटी लगेच कोरी होत नाही. सोडलेल्यांनीही तोंड दाखवत राहायचं असतं."

"हे बोर्डावर नाही," दादा म्हणाला. डॉक्टरांना समजलं नाही तो काय म्हणतोय. मला समजलं.

तुकडा काढून तपासायला दिलाय.

५ एप्रिल

कॅन्सर आहे. जिभेचा उजवा भाग काढावा लागेल, मानेतल्या गाठीही. मग रेडिएशन. वाचण्याची आशा चांगली आहे असं डॉक्टर तीनदा म्हणाले. जितक्या वेळा म्हणाले तितकी माझी भीती वाढली.

"बोलता येईल?" दादानं विचारलं.

"येईल. पहिल्यासारखं नाही. शिकावं लागेल नव्यानं."

"मी शिकवतो माणसांना," दादा म्हणाला. "शिकायची सवय नाही."

९ एप्रिल

मॅडमना भेटलो. सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. आधी दादाची चौकशी केली, ती मनापासून केली. मग म्हणाल्या, "हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील, सोडूनही होतोच, मग सोडा कशाला? सगळी मोहीम पाण्यात जाईल." त्याही घाबरल्या होत्या. त्यांना घाबरलेलं पाहून मला विचित्र वाटलं. बोर्ड गुपचूप उतरवू, म्हणाल्या.

घरी येऊन दादाला सांगितलं. तो चिडला. बऱ्याच दिवसांनी चिडला, आवाज फाटला तरी. "उतरवायचे कशाला? सोडली हे काय खोटं आहे? तुझं निर्धास्त तेवढं पुसून टाक. आणि पुसलेला डाग परत आण. खाली लिही, सोडा, आणि तोंड दाखवून या. दाखवायला पैसे पडत नाहीत, आणि दुखतही नाही फारसं. एवढं लिहिता येत नाही तुम्हा शहाण्यांना?"

मॅडमना फोन करून त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. शिव्या वगळून. त्या म्हणाल्या, वरच्यांना विचारते. लठ्ठपणाच्या बोर्डावरून मात्र तो आजच उतरला. त्याचा तो 'नंतर'चा फोटोही मीच साफ केला होता, हेवा करत.

१५ एप्रिल

उद्या ऑपरेशन. दवाखान्यात संध्याकाळी दाखल व्हायचं होतं. दुपारी दादा म्हणाला, "बँकेतल्या बाईंचा शेवटचा तास राहिलाय. त्यांना परीक्षेला कच्चं पाठवणार नाही."

मी मागच्या सीटवर बसलो. बाईंना काही माहीत नव्हतं. दादानं कानातला कापूस काढून खिडकीबाहेर टाकला आणि सुरुवात केली. "आरसा! आरसा काय भांग पाडायला दिलाय? क्लच! अर्धा, अर्धा म्हणतोय मी! ब्रेक! अहो ब्रेक, ती म्हैस नाही, स्कूटर आहे, ती थांबणार नाही!" रस्त्यातली माणसं वळून बघत होती. प्रत्येक शब्दाला त्याला कळ येत होती, मला मागून दिसत होतं, मानेची शीर ताठ व्हायची. तरी थांबला नाही. सबंध शहराला फेरी मारली. सिग्नलवर गाडी बंद पडली तेव्हा त्यानं बाईंच्या सात पिढ्यांचं ड्रायव्हिंग काढलं.

उतरताना बाई घामाघूम झालेल्या. म्हणाल्या, "सर, आज तुम्ही पहिल्यासारखे वाटलात."

"हो ना," दादा म्हणाला. "पास व्हाल."

बाई गेल्यावर तो गाडीत तसाच बसून राहिला. मी पुढे येऊन त्याच्या शेजारी बसलो. मला खूप भीती वाटत होती आणि मी ती बोललो. म्हणालो, "दादा, मला फार भीती वाटतेय." तो म्हणाला, "मलाही." पन्नास वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं त्याच्या तोंडून.

१६ एप्रिल

आत नेलं. दिवसभर बाकड्यावर. ही डबा घेऊन आली, तसाच परत नेला. डॉक्टर म्हणाले, ठीक झालं. ठीक म्हणजे किती, ते विचारलं नाही.

२१ एप्रिल

गळ्यात नळी, नाकात नळी, मान फुगलेली. पाटीवर लिहायला देतात, पण दादा पाटी ढकलून देतो. त्याला बोलायचंय. आज नर्सनं परवानगी दिली, थोडं बोला म्हणाली. गळ्याच्या नळीवर झाकण घातलं.

त्यानं माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. ओल्या बोळ्यातून यावा तसा आवाज. एक अक्षर कळलं नाही. मी म्हटलं, "हो हो. बरोबर." आणि मान डोलावली.

त्यानं परत म्हटलं. मी परत मान डोलावली, वर हसलोही.

तो थांबला. डोळे मिटले. गाडी शिकायला आलेलं माणूस समजल्याचं सोंग करतं तेव्हा तो असाच गप्प होतो. मला दिसत होतं की तो आता तिसऱ्यांदा म्हणणार नाही. आता पाटीच घेईल, आणि मग पाटीच.

मी खुर्ची पलंगाला चिकटवली, कान त्याच्या तोंडाशी नेला आणि म्हटलं, "दादा, मला काही कळलं नाही. मघाशीही नव्हतं कळलं. मी खोटं हो म्हटलं. परत सांग."

त्यानं डोळे उघडले. परत सांगितलं. नाही कळलं. "परत." लाळ गळत होती, मी पुसली. मागं नर्स म्हणत होती, त्यांना दमवू नका. "परत सांग, दादा."

मग कळलं. दोनच शब्द होते.

"भूक लागलीय."

वर्षभरात पहिल्यांदा. मी उठलो आणि डॉक्टरांना विचारायला धावलो, या माणसाला काय देता येईल, कधी देता येईल. धावलो म्हणजे खरोखर धावलो, दोन जिने, छाती फुटेस्तोवर.